सरकारी शिक्क्याचा धर्म

धर्म आणि सरकार यांची फारकत असावी की नसावी, हा वाद जगातल्या बहुतेक लोकशाही देशांत पुन्हा तापला आहे. कुठे निमित्त शाळेतल्या प्रार्थनेचं असतं, कुठे वर्गातल्या क्रूसाचं, कुठे मुलीच्या डोक्यावरच्या रुमालाचं, तर कुठे सरकारी पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रार्थनास्थळाचं. निमित्त बदललं तरी वादाची चाल बदलत नाही. एक बाजू म्हणते, धर्म ही खासगी बाब आहे, ती घराच्या उंबरठ्याच्या आत ठेवा. दुसरी म्हणते, हा धर्माला सार्वजनिक जीवनातून हद्दपार करण्याचा डाव आहे. दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडतात, पण एक गोष्ट दोघींनाही न तपासता मान्य असते: ही फारकत धर्म न मानणाऱ्यांच्या सोयीची आहे आणि तिची किंमत श्रद्धावान माणसाला मोजावी लागते. माझा आक्षेप या गृहीतकालाच आहे. सरकारने धर्मापासून हात दूर ठेवावेत, याची सर्वांत जास्त गरज श्रद्धावंतालाच असते. कारण सरकारने एखादा धर्म आपला म्हटला, की त्या धर्मात काय बसतं आणि काय बसत नाही हे सरकारलाच ठरवावं लागतं. मग ज्या प्रश्नांवर संतांनी आणि पंडितांनी आयुष्यं घालवली, ते प्रश्न कारकुनाच्या टेबलावर, संसदेच्या मतदानाला किंवा न्यायाधीशापुढे जातात. आणि त्याची पहिली झळ परधर्मीयांइतकीच, कधीकधी त्यांच्याही आधी, त्याच धर्मातल्या माणसांना लागते.

फारकतीची मागणी मुळात कोणी केली, इथपासूनच सुरुवात करावी लागेल. धर्म आणि राज्य यांच्यामधल्या भिंतीची कल्पना मांडणाऱ्या पहिल्या काही माणसांपैकी एक म्हणजे रॉजर विल्यम्स. तो धर्मोपदेशक होता, आणि इतका कडवा श्रद्धाळू की त्याच्या काळातली बहुतेक चर्चं त्याला पुरेशी शुद्ध वाटत नसत. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या प्युरिटन, म्हणजे कडक आचाराच्या प्रोटेस्टंट, सत्तेने 1635 मध्ये त्याला हद्दपारीची शिक्षा दिली. पुढच्या वर्षी त्याने प्रॉव्हिडन्स वसवलं आणि तिथे कोणाच्याही श्रद्धेत सरकारने लक्ष घालायचं नाही, असा नियम ठेवला. त्याचं म्हणणं असं होतं, की चर्च ही बाग आहे आणि बाहेरचं जग हे रान. मधलं कुंपण पडलं की रान बागेत शिरतं. म्हणजे भिंत हवी होती ती बागेच्या रक्षणासाठी. जबरदस्तीने करवून घेतलेली उपासना देवाला पोचते, असं मानणं हाच त्याला देवाचा अपमान वाटे.

दीडशे वर्षांनी अमेरिकेतल्याच व्हर्जिनियात हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली. तिथे सरकारमान्य अँग्लिकन चर्च होतं, आणि परवान्याशिवाय प्रवचन केलं म्हणून बाप्टिस्ट या वेगळ्या ख्रिस्ती पंथाच्या उपदेशकांना तुरुंगात टाकलं जात असे. त्यांच्यापैकी काहींनी तुरुंगाच्या खिडकीच्या गजांमागून बाहेर जमलेल्या लोकांपुढे प्रवचनं केली. अमेरिकेच्या स्वातंत्र्यानंतर तिथला पुढारी पॅट्रिक हेन्री याने एक प्रस्ताव आणला. ख्रिस्ती धर्मोपदेशकांच्या पगारासाठी सर्वांनी कर भरायचा, मात्र आपला पैसा कोणत्या पंथाला जावा हे ज्याचं त्याने सांगायचं. आजच्या चर्चेच्या मोजमापाने पाहिलं तर किती समंजस तोडगा! एका पंथाला झुकतं माप नाही, सर्वांना समान वाटा. तरी पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या जेम्स मॅडिसनने 1785 मध्ये त्याविरुद्ध आपलं प्रसिद्ध निवेदन लिहिलं, आणि मॅडिसनच्या बाजूने सह्यांच्या अर्जांचा पाऊस पाडणाऱ्यांत बाप्टिस्ट आघाडीवर होते. या करातून त्यांच्याही उपदेशकांना पैसा मिळणार होता. तरीही त्यांनी तो नाकारला. जे सरकार आज तीन पेन्स सक्तीने घेऊ शकतं, ते उद्या कोणत्याही बाबतीत एखाद्या पंथापुढे मान तुकवायला लावू शकतं, हा मॅडिसनचा युक्तिवाद त्यांना अनुभवाने पटलेला होता. हेन्रीचा प्रस्ताव बारगळला आणि 1786 मध्ये जेफरसनचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा मंजूर झाला.

अमेरिकेचा अध्यक्ष असताना जेफरसनने 1802 मध्ये लिहिलेलं ते पत्र, ज्यात या भिंतीचा उल्लेख येतो, तेही नास्तिकांना लिहिलेलं नाही. ते कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बाप्टिस्टांना दिलेलं उत्तर आहे. त्यांच्या राज्यात काँग्रिगेशनल चर्च सरकारी होतं, आणि आपला कर आपल्या चर्चला जावा असं वाटणाऱ्याला तसा दाखला दाखल करावा लागे. त्यांची तक्रार नेमकी होती: आम्हाला धर्माचं स्वातंत्र्य मिळतं, पण ते हक्क म्हणून नाही, मेहेरबानी म्हणून. दाखला आणला तर तुमची श्रद्धा मान्य, नाही आणला तर नाही. श्रद्धेच्या दाखल्यासाठी सरकारी दारात उभं राहावं लागणं, ही त्या धर्मभीरू माणसांची व्यथा होती. धार्मिक लोकांवर लादलेली कल्पना म्हणून आज जिच्यावर टीका होते, ती अशा लोकांच्या अर्जांतून आणि तुरुंगवासातून वर आली आहे.

आता विरोधी बाजूचं जे बळकट आहे ते मान्य करायला हवं. पहिला मुद्दा इंग्लंड आणि स्कँडिनेव्हियाचा. इंग्लंडचा राजा आजही इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च प्रमुख आहे आणि 26 बिशप कायदेमंडळाच्या वरिष्ठ सभागृहात पदसिद्ध बसतात. डेन्मार्कमध्ये आजही राष्ट्रीय चर्च आहे. या देशांत कोणी गुदमरतंय का? अनेक फारकतवादी राज्यघटना असलेल्या देशांपेक्षा तिथला माणूस जास्त मोकळा आहे, हे उघड आहे. मग एवढा आग्रह कशासाठी?

हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. पण ते स्वातंत्र्य तिथे आलं कसं, हे विचारलं की चित्र बदलतं. लायोनेल डी रॉथ्सचाइल्ड 1847 मध्ये लंडन शहरातून निवडून आला. शपथेच्या मजकुरात 'ख्रिस्ती माणसाच्या खऱ्या श्रद्धेने' असे शब्द होते. 1850 मध्ये त्याने सभागृहात डोकं झाकून, जुन्या करारावर हात ठेवून शपथ घेतली आणि तेवढे शब्द गाळले. त्याला बाहेर जायला सांगण्यात आलं. मतदार त्याला पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले, कनिष्ठ सभागृह सुधारणेची विधेयकं मंजूर करत राहिलं आणि वरिष्ठ सभागृह ती फेटाळत राहिलं. अखेर 1858 मध्ये त्याला आसन मिळालं. म्हणजे अकरा वर्षं एका शहराच्या मतदारांचा कौल एका वाक्याखाली दबून राहिला. नॉर्वेची 1814 ची राज्यघटना त्या काळातल्या उदार घटनांपैकी एक मानली जाते. तिच्यात ज्यूंना देशात यायलाच बंदी होती. ती 1851 मध्ये उठली, आणि जेझुइट या कॅथलिक संघावरची बंदी तर 1956 मध्ये. हे देश मोकळे झाले ते सरकारी धर्माची एकेक कडी उकलत. स्वीडनने 2000 मध्ये चर्चला सरकारपासून वेगळं केलं. नॉर्वेने 2012 मध्ये घटना बदलली. त्यांच्या उदाहरणाचा आधार घ्यायचा तर ते ज्या दिशेने चालत आले ती दिशाही सांगितली पाहिजे.

आणि चर्चचं काय झालं? त्याच्या वाट्याला काय आलं, याबद्दल कोणी बोलत नाही. इंग्लंडच्या चर्चने 1927 मध्ये आपल्या प्रार्थनाग्रंथाची सुधारित आवृत्ती तयार केली. चर्चच्या स्वतःच्या सभेत ती मोठ्या बहुमताने मंजूर झाली होती. वादाचा एक मोठा विषय होता तो ख्रिस्ताच्या भोजनविधीत अभिमंत्रित केलेली भाकर आजारी माणसांसाठी राखून ठेवावी की नाही हा. पण चर्च सरकारी, म्हणून ग्रंथ संसदेपुढे गेला. कनिष्ठ सभागृहाने तो डिसेंबर 1927 मध्ये फेटाळला. बदल करून पुन्हा आणला, तो जून 1928 मध्ये पुन्हा फेटाळला. मत देणाऱ्यांत स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन होते, वेल्सचे वेगळ्या पंथांचे लोक होते, काहीच न मानणारे होते. शापूरजी सकलातवाला हे पारशी घराण्यातले कम्युनिस्ट खासदार तेव्हा त्याच सभागृहाचे सदस्य होते. मरणाच्या दारातल्या ख्रिस्ती माणसाला भाकर कोणत्या पद्धतीने द्यायची, यावर मत देण्याचा त्या सर्वांना कायद्याने पूर्ण अधिकार होता. त्या चर्चच्या साध्या भाविकाला मात्र नव्हता. राजमान्यतेची ही किंमत आहे आणि ती श्रद्धावंतांनी भरली.

दुसरा आक्षेप बहुमताचा. लोकशाही म्हणजे लोकांची इच्छा. देशातल्या बहुसंख्यांचा धर्म सरकारच्या वागण्याबोलण्यात दिसला तर त्यात गैर काय? अल्पसंख्यांवर जबरदस्ती नाही केली म्हणजे झालं. या युक्तिवादात एक भाबडी समजूत दडलेली आहे: बहुसंख्यांचा धर्म ही एक तयार, एकसंध वस्तू आहे आणि सरकारने ती फक्त उचलून भिंतीवर लावायची आहे. पाकिस्तानात 1953 मध्ये स्वतःला मुसलमान मानणाऱ्या अहमदिया पंथाच्या लोकांविरुद्ध दंगली झाल्या, लाहोरात लष्करी कायदा लावावा लागला. चौकशी न्यायमूर्ती मुनीर आणि न्यायमूर्ती कयानी यांच्याकडे आली. अहमदियांना मुसलमान मानू नये, अशी मागणी करणाऱ्या धर्मपंडितांना त्यांनी एकेक करून बोलावलं आणि साधा प्रश्न विचारला: मुसलमान कोणाला म्हणायचं? 1954 च्या अहवालात त्यांनी नोंदवलं, की कोणत्याही दोन पंडितांची व्याख्या जुळली नाही. एकाची व्याख्या स्वीकारली तर त्याच्या लेखी आम्ही मुसलमान आणि बाकी सर्वांच्या लेखी काफर ठरतो, असं त्या दोघांनी लिहून ठेवलं. इतका स्वच्छ इशारा क्वचितच एखाद्या सरकारी कागदात सापडतो. तो कोणी ऐकला नाही. 1974 मध्ये निवडून आलेल्या संसदेने घटनादुरुस्ती करून अहमदियांना गैरमुस्लीम ठरवलं. 1984 च्या अध्यादेशाने त्यांनी आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणणं, अजान देणं, स्वतःला मुसलमान म्हणवणं हा तुरुंगवासाचा गुन्हा झाला. तिथे पासपोर्टच्या अर्जात आपला धर्म इस्लाम लिहिणाऱ्याला अहमदी पंथाच्या संस्थापकाला नाकारणाऱ्या मजकुरावर सही करावी लागते. परदेशी जायचं आहे, म्हणून आधी दुसऱ्याच्या श्रद्धेचा धिक्कार करायचा. यात त्या सही करणाऱ्या सुन्नी माणसाच्या धर्माचा तरी सन्मान झाला का?

बहुमत ही लांबून पाहिलं तरच एक दिसणारी गोष्ट आहे. जवळ गेलं की तिच्यात पंथ, उपपंथ, जाती, प्रदेश, सनातनी, सुधारक, रूढी पाळणारे आणि न पाळणारे असे शंभर भाग दिसतात. सरकार यातला एक भाग निवडणार आणि बाकी सर्वांच्या डोक्यावर बसवणार. इस्रायलमध्ये ज्यूंचं लग्न कायद्याने ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंच्या अखत्यारीत आहे. देशात नागरी विवाहाची सोय नाही. सुधारणावादी ज्यू धर्मगुरूने लावलेलं लग्न सरकार मानत नाही. ज्यूंना आणि त्यांच्या वंशजांना नागरिकत्वाचा हक्क देणाऱ्या परतीच्या कायद्याने ज्याला ते मिळालं, जो लष्करात जाऊन आला, अशा माणसाची आई धर्मगुरूंच्या निकषाने ज्यू नसेल, तर त्याला ज्यू मुलीशी आपल्याच देशात लग्न लावता येत नाही. जोडपी विमानाने सायप्रसला जातात, तिथल्या नगरपालिकेत सह्या करून येतात आणि मग तेच सरकार ते परदेशी लग्न नोंदवून घेतं. ज्यूंच्या सुरक्षित घरासाठी जो देश उभा राहिला, त्या देशात काही ज्यूंना आपल्या पद्धतीने लग्न लावण्यासाठी समुद्र ओलांडावा लागतो. इथे अन्याय करणारे परधर्मीय नाहीत. धर्माच्या बाजूने उभं असलेलं सरकार आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. धर्म हा अन्यायाविरुद्ध उठणाऱ्या माणसाचं बळ राहिला आहे. गुलामगिरीच्या व्यापाराविरुद्ध ब्रिटिश खासदार विल्बरफोर्स लढला तो श्रद्धेच्या जोरावर. मार्टिन ल्यूथर किंग बाप्टिस्ट पाद्री होते. 1963 मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात अन्यायी कायदा कोणता, हे सांगताना त्यांनी ऑगस्टीन आणि ॲक्वायनस या ख्रिस्ती संतांचा आधार घेतला. धर्म घरात ठेवा, असं त्यांना कोणी सांगितलं असतं तर? खरंच, 'धर्म घरात ठेवा' म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर कधी नीट दिलेलं नाही, आणि म्हणूनच ते वाद हरतात. श्रद्धा ही कोट काढून खुंटीला लावावा तशी बाहेर पडताना काढून ठेवता येत नाही. जो माणूस देवापुढे सगळे समान असं मानतो, तो रस्त्यावर, मतदान केंद्रात, सभागृहात तेच मानणार. त्याला तोंड बंद ठेव म्हणणं हा अन्यायच आहे.

पण माणसाने श्रद्धेतून बोलणं वेगळं आणि सरकारने श्रद्धेची बाजू घेणं वेगळं. किंग यांनी बाप्टिस्टांसाठी वेगळे हक्क मागितले नाहीत. त्यांची मागणी अशी होती, की ती ज्यूला, कॅथलिकाला, नास्तिकाला सारखीच लागू पडावी आणि सारखीच समजावी. कायद्याचं कारण सर्वांना तपासता येईल असं असलं पाहिजे. ते कारण माझ्या मनात कुठून उगवलं, हा माझा प्रश्न. आणि याच किंग यांनी शाळांतल्या सरकारी प्रार्थनेविरुद्धच्या निकालाला उघड पाठिंबा दिला होता, हे विसरून चालणार नाही. प्रार्थना कोणती म्हणायची हे कोण ठरवणार आणि कोणत्या अधिकाराने, असा त्यांचा सवाल होता. ज्याला प्रार्थनेचं मोल कळतं, तोच हा प्रश्न इतक्या तळमळीने विचारू शकतो.

त्या निकालाकडे जरा जवळून पाहू. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने शाळांसाठी एक प्रार्थना तयार केली. इंग्रजीत अवघे 22 शब्द. हे सर्वशक्तिमान देवा, आम्ही तुझ्यावर अवलंबून आहोत हे आम्ही मान्य करतो, आमच्यावर, आमच्या आईवडिलांवर, आमच्या शिक्षकांवर आणि आमच्या देशावर तुझी कृपा असू दे, एवढाच मजकूर. कोणत्याही पंथाला दुखवू नये म्हणून त्यातून ख्रिस्ताचं नाव वगळलं, पापाची कबुली वगळली, ज्याच्यामुळे एखादी प्रार्थना एखाद्या धर्माची होते ते सगळं वगळलं. उरली ती कोणाचीच नसलेली प्रार्थना. 1962 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. न्यायमूर्ती ब्लॅक यांनी म्हटलं, की लोकांनी म्हणण्यासाठी प्रार्थना रचणं हे सरकारचं कामच नाही. देशभर ओरड झाली, की न्यायालयाने देवाला शाळेबाहेर काढलं. मूल आपल्या मनात, आपल्या देवाची, आपल्या शब्दांत प्रार्थना करायला तेव्हाही मोकळं होतं आणि आजही आहे. शाळेबाहेर गेली ती समितीने बैठकीत मंजूर केलेली प्रार्थना.

याच्या उलट बाजूचं उदाहरणही याच देशात आहे, आणि ते रॉजर विल्यम्सच्याच ऱ्होड आयलंडमधलं. पॉटकेट शहराने नाताळात येशूच्या जन्माचा देखावा मांडला. वाद न्यायालयात गेला, आणि 1984 मध्ये पाचास चार मतांनी शहर जिंकलं. पण कशाच्या बळावर? तो देखावा एकटा नव्हता. त्याच्या आजूबाजूला सांताक्लॉजचं घर होतं, रेनडिअरची गाडी होती, विदूषक, हत्ती आणि टेडी अस्वलाच्या आकृत्या होत्या, रंगीत दिवे होते. एवढ्या सगळ्यात तो देखावा सणाच्या वातावरणाचा एक भाग ठरतो, धर्माचा प्रचार ठरत नाही, असं बहुमताने म्हटलं. असहमत न्यायमूर्तींपैकी ब्लॅकमन यांना याचंच दुःख झालं, की विजय मिळवण्यासाठी येशूच्या जन्माला सणासुदीची सजावट म्हणून उभं राहावं लागलं. इटलीतही तेच झालं. शाळेच्या वर्गातला क्रूस 2011 मध्ये युरोपियन मानवी हक्क न्यायालयात टिकला, तो 'निष्क्रिय चिन्ह' म्हणून. ज्या चिन्हासाठी माणसं सिंहापुढे उभी राहिली, ते चिन्ह भिंतीवर टिकवण्यासाठी त्याचा कोणावर काही परिणाम होत नाही, हे मान्य करावं लागलं. चिन्ह सरकारी भिंतीवर राहिलं. त्याचा अर्थ गेला. माझ्या धर्माचं असं काही झालं तर मला तो विजय वाटणार नाही.

चौथा आक्षेप इतिहासाने दिलेला आहे. फारकतीच्या नावाखाली सरकारांनी धर्म चिरडलेलेही आहेत. फ्रेंच क्रांतीच्या ऐन भरात, 1793 मध्ये, चर्चं बंद झाली. मेक्सिकोत 1917 च्या घटनेतल्या तरतुदींची कठोर अंमलबजावणी सुरू झाल्यावर 1926 ते 1929 रक्तरंजित बंड झालं. अल्बानियाने 1967 मध्ये स्वतःला नास्तिक राष्ट्र जाहीर केलं. हे सगळं खरं आहे आणि फारकतवाद्यांनी ते कुरबूर न करता कबूल करावं. पण यातल्या कोणत्या सरकारने धर्मापासून हात दूर ठेवले होते? देव नाही, हे सरकारने ठरवणं आणि देव अमुकच आहे, हे सरकारने ठरवणं, ही एकाच अहंकाराची दोन रूपं आहेत. तुर्कस्तान हे त्याचं सर्वांत बोलकं उदाहरण. धर्मनिरपेक्ष म्हणून गाजलेल्या या प्रजासत्ताकाने 1924 मध्ये धार्मिक कारभाराचं सरकारी खातं उघडलं. इमाम सरकारी नोकर झाले. 1932 पासून अजान अरबीऐवजी तुर्की भाषेत देण्याची सक्ती आली, ती 1950 पर्यंत टिकली. पुढे सत्ता धर्माभिमानी पक्षाकडे गेली तेव्हा त्याला नवं काही उभारावंच लागलं नाही, ते खातं तयारच होतं. अलेवी या अल्पसंख्य मुस्लीम पंथाच्या लोकांची प्रार्थनागृहं मशिदींच्या बरोबरीची मानायला मात्र ना त्या सरकारने तयारी दाखवली, ना या. धर्माला वठणीवर आणायला बनवलेलं यंत्र, चालवणारा बदलला की धर्म लादायला वापरता येतं.

म्हणूनच फ्रान्सबद्दल माझं मत तिथल्या कट्टर फारकतवाद्यांना आवडणार नाही. 1905 च्या कायद्याचं पहिलं कलम सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य देतं आणि दुसरं सांगतं, की प्रजासत्ताक कोणत्याही धर्माला मान्यता देत नाही, पगार देत नाही, अनुदान देत नाही. इथपर्यंत उत्तम. 2004 मध्ये मात्र सरकारी शाळांतल्या विद्यार्थ्यांना ठळक धर्मचिन्हं वापरायला बंदी आली. शिक्षक वर्गात उभा असतो तो सरकारचा माणूस म्हणून. त्याच्यावर बंधन समजू शकतं. पण शाळेत येणारी मुलगी सरकार नाही. ती नागरिक आहे, आणि तिच्या डोक्यावरचा रुमाल हे सरकारचं विधान नाही. कोणतं चिन्ह 'ठळक' आणि कोणतं नाही, हे ठरवायला मुख्याध्यापक बसले, म्हणजे पुन्हा श्रद्धेची तपासणी सरकारी टेबलावर आलीच. घरच्यांच्या दडपणाखाली मुली रुमाल बांधतात, हा युक्तिवाद खोटा नाही. पण दडपण आणणाऱ्याला गाठायचं सोडून मुलीला दारात अडवायचं, हा त्यावरचा इलाज नव्हे.

राहिला भारताचा प्रश्न, आणि तो खरोखर अवघड आहे. जिथे धर्म माणसाला विहिरीवर पाणी भरू देत नव्हता, देवळाच्या पायरीशी अडवत होता, तिथे सरकारने हात बांधून बसायचं? डॉ. आंबेडकरांनी 2 डिसेंबर 1948 रोजी घटना समितीत सांगितलं, की या देशात धर्माच्या कल्पना जन्मापासून मृत्यूपर्यंत आयुष्याच्या प्रत्येक अंगाला व्यापून आहेत. सगळंच धर्म म्हटलं तर कायदेमंडळाला कोणतीच सुधारणा करता येणार नाही. हे त्यांचं म्हणणं पूर्ण बरोबर होतं. अस्पृश्यता नष्ट करणारं कलम 17, देवळं सर्वांना खुली करण्याचा अधिकार देणारं कलम 25, हे फारकतीला दिलेले अपवाद आहेत असं मी मानत नाही. माणसाला माणूस म्हणून वागवणं हे ऐहिक काम आहे, सरकारचं पहिलं काम आहे, आणि कोणाच्याही श्रद्धेची ढाल त्याच्या आड येऊ शकत नाही.

पण हे काम कोणत्या युक्तिवादाने केलं, याला महत्त्व आहे. स्वामिनारायण पंथाच्या काही सत्संगींनी, म्हणजे अनुयायांनी, 1948 मध्ये दावा लावला होता, की आमचा पंथ हिंदू नाही, म्हणून मंदिरप्रवेशाचा कायदा आमच्या मंदिरांना लागू होत नाही. हेतू उघड होता: दलितांना आत येऊ द्यायचं नव्हतं. 1966 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळला, आणि फेटाळलाच पाहिजे होता. मात्र सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी निकालपत्रात हिंदू धर्म म्हणजे काय याची दीर्घ चर्चा केली, आणि सत्संगींची भीती अंधश्रद्धा, अज्ञान आणि हिंदू धर्माच्या खऱ्या शिकवणुकीबद्दलच्या व स्वामिनारायणांच्या उपदेशाबद्दलच्या गैरसमजातून आली आहे, असं लिहिलं. मला निकालाबद्दल आदर आहे, या वाक्याबद्दल चिंता. स्वामिनारायणांचा उपदेश न्यायालयाने सत्संगींना समजावून सांगायचा? सार्वजनिक देवळाच्या दारात जातीमुळे कोणालाही अडवता येणार नाही, तुमचा धर्म काहीही सांगो, एवढं वाक्य पुरेसं होतं. ते जास्त कठोर होतं आणि जास्त प्रामाणिकही. त्याऐवजी सर्वोच्च न्यायालयाच्या 1954 च्या शिरूर मठ निकालापासून धर्माचा 'आवश्यक भाग' कोणता, हे न्यायालयांनी शोधायचा जो मार्ग रूढ झाला, त्याने आज प्रत्येक सुधारणेचा खटला शास्त्रार्थ होऊन बसतो. सुधारक ग्रंथातले दाखले काढतात, सनातनी दुसरे काढतात, आणि ज्या माणसाचा हक्क हिरावला गेला तो बाजूला उभा राहतो. ग्रंथ सनातन्यांच्या बाजूने निघाला तर त्याचा हक्क गेला का?

हाच प्रश्न आता पैशाच्या वाटेने नव्याने येतो आहे. अमेरिकेच्या मेन राज्यात ज्या गावांत माध्यमिक शाळा नाही, तिथल्या मुलांची खासगी शाळेची फी सरकार भरतं. ही मदत धार्मिक शाळांनाही मिळाली पाहिजे, असा निकाल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला, आणि तो श्रद्धावंतांचा विजय म्हणून साजरा झाला. पण राज्याने त्याआधीच, 2021 मध्ये, कायदा बदलून ठेवला होता: हा पैसा घेणाऱ्या शाळेला प्रवेशात आणि वागणुकीत भेदभावबंदीचे नियम पाळावे लागतील. खटल्याशी संबंधित दोन्ही शाळांनी सुनावणीच्या काळातच सांगितलं होतं, की आपले धार्मिक निकष सोडावे लागणार असतील तर आम्ही हा पैसा घेणार नाही. भेदभावबंदीचा नियम मला योग्य वाटतो, त्या शाळांचे निकष मला पटत नाहीत. तरीही पैसा नाकारण्याची त्यांची तयारी मला डॅनबरीच्या आणि व्हर्जिनियाच्या बाप्टिस्टांच्या जातकुळीची वाटते. ज्या धर्मसंस्था आज सरकारी तिजोरीतला आपला वाटा मागत आहेत, त्यांनी मागणीपत्र लिहिण्याआधी आपल्याच अनुयायांना हे विचारावं: सरकारने धनादेशासोबत पाठवलेल्या अटींच्या कागदावर आपली कोणती श्रद्धा खोडायला आपण तयार आहोत, आणि पुढच्या निवडणुकीनंतर त्या अटी दुसऱ्याच कोणी लिहिल्या तर काय करणार आहोत?